माहिती देणाऱ्याचं नाव

कॅज्युअल्टीत येणारा माणूस खोटं बोलतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई फार कडू बोलते. मी कडूच बोलते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एकोणीस वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली अकरा वर्षं आपत्कालीन विभागात. तिथे गोड बोलणारी सिस्टर दोन महिन्यांत बदली मागते.

नवऱ्याने मारलेली बाई म्हणते, नळावर घसरली. दारू पिऊन नालीत पडलेला म्हणतो, कुत्रं आडवं आलं. ते कुत्रं बरोबर दारूच्या दुकानापाशीच आडवं येतं. फवारणीचं औषध प्यालेल्या पोरीचा बाप म्हणतो, खोकल्याची बाटली समजून घेतलं. साप चावलेल्याला आधी दोन तास मांत्रिकापुढे बसवतात आणि इथे येऊन सांगतात, "आत्ताच चावला जी, डायरेक्ट इथंच आनलं." पायाला कडुलिंबाचा पाला बांधलेला तसाच असतो. मी विचारते, हा पाला काय अँब्युलन्समध्ये उगवला? मग त्यांना राग येतो. येऊ दे.

आणि हेच लोक दारात उभे राहून मोबाइलवर शूटिंग करतात. "देखो भाई, पेशंट तड़प रहा है और सिस्टर रजिस्टर लिख रही है." अरे बाबा, तू खरं सांगितलं असतंस तर लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. काय झालं, कधी झालं, यावरच डॉक्टर औषध ठरवतो. चुकीचं सांगितलं की चुकीचं औषध, इतकं साधं आहे. पण पोलिसाची भीती मरणापेक्षा मोठी असते आमच्याकडे. रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना आहे, माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं. तो विचारला की खाटेभोवती उभे असलेले दहा जण एका मिनिटात पांगतात. उरतो फक्त पेशंट, कारण त्याला पांगता येत नाही.

आमची कॅज्युअल्टी म्हणजे दोन खाटा, मधे हिरवा पडदा, एक मॉनिटर, ईसीजीचं यंत्र, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि बंद पडलेल्या हृदयाला झटका द्यायचं यंत्र. ते बहुतेक दिवस कव्हर घालून कोपऱ्यात असतं. एक्स-रे दुपारपर्यंतच. त्यापुढचं सगळं गोंदियाला, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. लोक त्यावरूनही शिव्या देतात. काही शिव्या बरोबर असतात, त्या मी गपगुमान ऐकते. बाकीच्या परत करते.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी आम्हाला एक तरुण डॉक्टर मिळाला होता. पुण्याकडचा, बॉण्डवर आलेला. "तुम्हाला नेमका काय त्रास होतोय?" असं तो विचारायचा, आणि आमचा कास्तकार मागे वळून बघायचा, हा कोणाशी बोलून राहिला म्हणून. माझं त्याच्याशी पहिल्या आठवड्यातच वाजलं. पेशंटच्या अंगावरचे कपडे काढून पूर्ण बघा, नुसतं दाखवतील तिथेच बघू नका, असं मी त्याला सर्वांसमोर म्हटलं. त्याला ते लागलं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मला त्याचं काही नव्हतं. काम होत होतं ना.

आता घरचं सांगते, कारण सगळं तिथूनच आलं.

माझं माहेर फुलचूरचं. सासर रुग्णालयापासून आठ किलोमीटरवरच्या गावात. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आम्ही दोघं गोंदियाजवळ कुडव्याला राहतो आणि दोघंही दुचाकीने नोकरीला जातो. गावाकडे सासू आणि धाकटा दीर. सासरा वारून बरीच वर्षं झाली. दीर शेती करतो, तीही अशी की बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, एक तण दिसत नाही. लग्न करून गेले तेव्हा तो सातवीत होता, माझ्यापाशी बसून गणितं सोडवायचा. सासरच्या लोकांना आपल्या खानदानाचा भारी तोरा. आमच्या पणज्याने तलाव बांधला, अख्खं गाव आमच्या पाण्यावर धान पिकवते, हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकते आहे. असल्या घराच्या दारात पोलिसाची गाडी म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत नवरा गावी गेला. मला ड्यूटी होती, मी येऊन-जाऊन होते. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिरा येणारा भारी उभा होता, आणि रानडुकरांनी एका बांधीची माती करून टाकली होती. रविवारी दुपारी मी अंगणात गेले तर नवरा बारीक तारेचं भेंडोळं आणि बांबूच्या खुंट्या घेऊन बसलेला.

"हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"कुंपण," तो म्हणाला.

मला माहीत होतं ते कसलं कुंपण. आमच्या भागात शेतीच्या मोटारीची वीज धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, उघड्या तारेत सोडतात. डुक्कर चिकटतं, मरतं. गुन्हा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि अर्धं गाव लावतं. मी म्हटलं, असले धंदे मास्तर माणसाने करू नये. तो म्हणाला, तू सुया टोचायचं काम कर. त्याची गाडी बिघडली होती म्हणून माझी स्कूटी त्याच्यापाशी ठेवली आणि मी ऑटोने सुया टोचायला निघून गेले. भांडत बसले असते तर ड्यूटीला उशीर झाला असता, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

शेतीची लाईन चोवीस तास नसते. एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा, अशी पाळी असते. त्या आठवड्यात रात्रीची होती. माझ्या नवऱ्याने हिशेब असा केला की पहाटे लाईन आपोआप जाईल, तार आपोआप मरेल, मग लवकर उठून काढायची कशाला? सोमवारपासून पाळी बदलते आणि सकाळी आठला लाईन पुन्हा येते, हे तो विसरला. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक हाच माणूस बनवतो.

दीर रविवारी शेजारच्या गावच्या मंडईला गेला होता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात, पाहुणे येतात. तार लावल्याचं त्याला कोणी सांगितलंच नाही. त्याला पाळी मात्र पक्की ठाऊक होती. सोमवारी आठला लाईन आली की मोटार चालू करायची आणि भारी धानाला शेवटचं पाणी द्यायचं म्हणून तो धुऱ्याने अनवाणी निघाला.

साडेनऊच्या सुमारास कॅज्युअल्टीच्या दारात ऑटो थांबला. आधी सासू उतरली, मग नवरा, मग दीर. दीर स्वतःच्या पायांनी आत आला. कपाळ फुटलं होतं, शर्टावर रक्त. नवरा माझ्याकडे बघतच नव्हता. तो सरळ डॉक्टरकडे गेला आणि शाळेत प्रार्थनेनंतर बोलतो त्या आवाजात म्हणाला, "धुऱ्यावरून पाय घसरला डॉक्टरसाहेब. दगडावर डोकं आपटलं. बाकी काही नाही."

डॉक्टरने दिराला विचारलं. दीर म्हणाला, "हो जी. घसरलो."

मी त्याला खाटेवर झोपवलं आणि नाडी बघायला उजवा हात धरला. नाडीचे चार ठोके नीट पडायचे आणि एक चुकायचा. मग मी तळहात उलटा केला. तिथे रुपयाएवढी जागा पांढरी पडली होती, मधे काळा खड्डा, कडा कडक. दुखत नव्हती त्याला ती जागा, म्हणजे आतपर्यंत गेलेली. डाव्या टाचेकडे पाहिलं, तिथे तसाच दुसरा डाग. हातातून आत, पायातून बाहेर. अकरा वर्षांत असे हात मी कितीतरी पाहिलेत. घसरून पडलेल्या माणसाचा हात असा होत नाही.

मला पहिल्या मिनिटाला कळलं. करंट लागलेला माणूस चालतो, बोलतो, चहा मागतो, आणि त्याचं हृदय तासाभराने अचानक बंद पडू शकतं. म्हणून त्याला मॉनिटरवर ठेवायचं, ईसीजी काढायचा, दोन्ही हातांना सलाईन लावायचं. यातलं एक अक्षर मला कोणी सांगायला नको होतं.

सासू खाटेच्या पलीकडून माझ्याकडे बघत होती. तिने माझा हात धरून मला पडद्याच्या बाहेर ओढलं. "त्याले काई झालं नाही व," ती म्हणाली, "चालून राहिला, बोलून राहिला. पन तू तोंड उघडशील तं मोठ्याले पोलीस नेतील. नोकरी जाईन त्याची. दोनी माझेच आहेत व, तूच सांग मी काय करू."

नवरा तिच्या मागे उभा होता. तो एकच वाक्य बोलला. "तुझ्या हातात आहे."

मी आत गेले. डॉक्टर टाक्यांचं सामान मांडत होता. दिराने तळहात उघडाच ठेवला होता, लहान पोर काही दाखवतं तसा. मी त्याची बोटं एकेक करून आत वळवली आणि मूठ मिटवली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ओळखीचे आहेत का?" डॉक्टरने विचारलं.

"माझे दीर," मी म्हटलं.

"अरे, मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलला. त्याने माझ्या शब्दावर सगळं सोडलं. कपडे काढून बघा, पूर्ण बघा, असं ज्या बाईने त्याला चारचौघांत सुनावलं होतं, तिचाच दीर म्हटल्यावर त्याने काय बघायचं? तीन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन लिहिलं आणि म्हणाला, अर्धा तास बसवा, चक्कर नाही आली तर घरी न्या.

मी इंजेक्शन दिलं. कापूस चोळला. शेजारच्या खाटेवर दम्याची म्हातारी होती, तिला वाफ लावली. एका पोरीच्या बोटात रुतलेला मासे धरायचा गळ काढायचा होता, तो काढायला मदत केली. दर दोन मिनिटांनी दिराकडे बघत होते. तो बाकावर भिंतीला टेकून बसला होता. नवरा दाराबाहेर फोनवर कोणाला तरी सांगत होता, किरकोळ आहे, किरकोळ आहे. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि मी शांतपणे वाफेचं मशीन धुवत होते. स्वतःला म्हणत होते, नाडी तेवढी चुकत नाही. म्हणत होते, जवान गडी आहे. आमच्या दारात येणारे लोक स्वतःशी काय काय बोलत असतील ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्याचा काही आनंद झाला नाही.

अशी चाळीस मिनिटं गेली.

मग दीर म्हणाला, वहिनी, लघवीला जायचं आहे. मी त्याला एकटं सोडलं नाही, पडद्याआड भांडं दिलं. त्याने भांडं परत दिलं तेव्हा ते मी खिडकीच्या उजेडात धरलं. कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी. करंटने आतलं मांस जळतं, ते रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतं, तेव्हा असा रंग येतो. आता हे किरकोळ नव्हतं. मी ते भांडं हातात घेऊनच डॉक्टरच्या टेबलाशी गेले.

"सर, हा घसरला नाही. याला करंट लागला आहे."

डॉक्टरने भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता," मी म्हटलं.

बघा. तिथेही.

नवरा धावत आत आला. "खोटं बोलून राहिली ती," तो ओरडला, "घरचं भांडण आहे, ते इथं काढून राहिली." सासू मटकन खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली. शेजारच्या म्हातारीचे नातेवाईक जमले. एकाने मोबाइल काढलाच. मी त्याला म्हटलं, खिशात ठेव, नाही तर हे भांडं तुझ्या तोंडावर फेकते. त्याने ठेवला.

त्या पुण्याच्या डॉक्टरबद्दल मी जे काही बोलले असेन ते परत घेते. त्याने कोणाकडे बघितलं नाही. दिराला उचलून खाटेवर घेतलं, शर्ट कापला, मॉनिटर लावला. मी दोन्ही हातांत सुया टाकल्या, सलाईन पूर्ण सोडलं. ईसीजीचा कागद बाहेर येत होता आणि डॉक्टर तो वाचत असतानाच मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली. दिराचे डोळे वर गेले.

मी त्याच्या छातीवर चढले. दोन्ही हातांनी दाबत होते, मोजत होते. ज्याला मी गणितं शिकवली त्याच्या बरगडीतून आवाज आला आणि मी थांबले नाही. डॉक्टरने यंत्राचं कव्हर ओढून फेकलं. "बाजूला व्हा." पहिला झटका. काही नाही. परत दाबलं. दुसरा झटका. मग रेघ एकदा उठली, परत उठली, आणि चालायला लागली.

तो बाकावर बसलेला असताना हे झालं असतं तर? मॉनिटर नाही, सुई नाही, आणि आम्ही सगळे म्हणालो असतो, डोक्याला मार लागला होता. मी तसा कागदही लिहिला असता.

अँब्युलन्स आली. डॉक्टर स्वतः सोबत गोंदियाला गेला. मला ड्यूटी सोडता येत नव्हती, दुसरी सिस्टर बाळंतपणात अडकली होती. मी टेबलाशी बसून रजिस्टर उघडलं. काय झालं या रकान्यात लिहिलं: धुऱ्यावरच्या तारेचा विजेचा धक्का. माहिती देणाऱ्याचं नाव, तिथे माझं नाव लिहिलं. नातं, वहिनी. पोलिसांना कळवायचा कागद भरला आणि पाठवला. तार कोणी लावली ते मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पेशंट वाचला, माझं काम झालं, असं मी धरून चालले.

त्यानंतर सासरचं दार माझ्यासाठी बंद झालं. सासूने गावभर सांगितलं, सुनेने घराण्याचं नाव बुडवलं. नवरा कुडव्याला घरी यायचा, जेवायचा, झोपायचा, माझ्याशी बोलायचा नाही. मला वाटायचं, नाही बोलला तर नाही बोलला, एक माणूस जिवंत आहे. मी तर तोंड वर करून फिरत होते. दवाखान्यात सगळे म्हणायचे, सिस्टर, मानलं तुम्हाला, घरच्या माणसांचीही पर्वा केली नाही. मी हूं म्हणायचे.

दीर गोंदियाच्या दवाखान्यात तीन आठवडे होता. रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर ठेवलं, मूत्रपिंडं परत कामाला लागली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली. सासू तिथे असायची म्हणून मी जात नव्हते. एका दुपारी ती गावी गेल्याचं कळलं तेव्हा गेले. संत्री नेली होती. त्याने ती घेतली नाही, नको पण म्हणाला नाही.

"कसं वाटते?" मी विचारलं.

"बरं आहे."

मी चादर सारखी केली, सलाईनचा वेग बघितला. सवय. तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, पोलीस येऊन गेला. मी सांगितलं, तार मीच लावली होती."

"काऊन? तुमी तं मंडईले गेले होते."

"भाऊची नोकरी जाईन. आईले कोन पोसन? मले तं आता नांगरबी धरता येनार नाही." तो सरळ बोलत होता, रडत नव्हता. "केस माझ्यावर राहू द्या."

"भाऊ काय म्हणाले?"

"काई नाही म्हनले. समोरच होते बसून."

मी म्हटलं, "हे मी होऊ देणार नाही." फार मोठ्या आवाजात म्हटलं. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघायला लागले.

तेव्हा त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. "वहिनी, मी खाली पडलो होतो. हलता येत नव्हतं, पन दिसत होतं सगळं. भाऊ आला. त्यानं मोटारीच्या पेटीतून तार काढली, माझ्याकडे पाहिलं, अन् पहिले सारी तार गुंडाळली. खुंट्या उपटल्या. तार तुमच्या स्कूटीच्या डिक्कीत टाकली. मंग ऑटोवाल्याले फोन केला. अन् तुमच्याकडे आनलं तं तुमी माझी मूठ मिटवली. तुमी दोघंबी सारखेच आहात. मंग तुमी मले आता खरं-खोटं कायले शिकवून राहिल्या?"

संत्री टेबलावर ठेवली आणि आले. कुडव्यापर्यंत गाडी चालवली आणि वाटेतलं काहीच आठवत नाही. दारात गाडी लावून सीट उघडली. रेनकोटच्या खाली, गोणपाटात, तारेचं भेंडोळं होतं. मी तीन आठवडे त्याच्यावर बसून ड्यूटीला जात होते.

हवालदार रविवारी आला. केसचे कागद पुरे करायचे होते. नवरा पेपर वाचत होता. हवालदार वयस्कर माणूस, आमच्या कॅज्युअल्टीत अपघाताचे कागद घ्यायला नेहमी यायचा, त्यामुळे मला मान द्यायचा.

"म्याडम, फक्त तुमचा जबाब पाहिजे," तो म्हणाला. "तुमच्या दिराने कबूल केलं आहे की तार त्यानेच लावली. रजिस्टरमध्ये तुमचं नाव आहे म्हणून तुमच्याकडे आलो. एवढंच लिहू ना, की दिराने तुम्हाला तसं सांगितलं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. मनात म्हणत होते, बोला. अजून वेळ आहे, तुम्ही बोला. मी तुमच्या तोंडून ऐकलं तर पुढचं सगळं सोसेन, वकील करू, नोकरी गेली तर माझ्या पगारात भागवू. फक्त तुम्ही बोला.

नवऱ्याने पेपर घडी केला. "साहेब, पाणी आणतो," म्हणाला, आणि आत गेला.

आत नळ सुरू झाला. ग्लास धुतल्याचा आवाज आला, मग परत धुतल्याचा.

"तार यांनी लावली," मी म्हटलं. "रविवारी दुपारी मी स्वतः पाहिलं. दीर मंडईला होता, अख्ख्या मंडईने त्याला पाहिलं असेल. तार बाहेर स्कूटीच्या डिक्कीत आहे, चावी ही घ्या."

हवालदाराने पेन उचललं नाही. त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. नवरा ग्लास घेऊन तिथे उभा होता. चेहरा असा झाला होता की एका क्षणाला मला त्याची दया आली. तो क्षण गेला.

"माझ्या नोकरीचं काय होईल कळते का तुले?" तो म्हणाला. घरात तो कधी असा गावाकडचा बोलत नाही.

"कळते," मी म्हटलं.

हवालदाराने नवीन कागद घेतला आणि लिहायला लागला. सावकाश लिहीत होता, मधे मधे विचारत होता, वार कोणता, तार किती, खुंट्या कशाच्या. नवरा पलंगाच्या कडेवर बसला. पाणी कोणीच प्यालं नाही. लिहून झाल्यावर हवालदाराने कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवून दाखवलं, इथे सही.

"एक राहिलं," मी म्हटलं. "मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. मी त्याची मूठ मिटवली आणि चाळीस मिनिटं गप्प राहिले. डॉक्टरने विचारलं तेव्हाही आत्ताच कळलं म्हणून सांगितलं. ते लिहा."

हवालदाराने चष्मा काढला. "म्याडम, हे कायले सांगता? हे कोणी विचारलं नाही. उगाच चौकशी लागेल तुमच्यावर. तुमीच तं वाचवलं त्याले."

"लिहा."

"नाही लिहीत," तो म्हणाला. त्याने भल्यासाठीच म्हटलं.

मी त्याच्या हातातून पेन घेतलं. जबाबाच्या खाली दोन ओळींची जागा होती. तिथे माझ्या हाताने ते लिहिलं, आणि मग सही केली.